जनगणना जुनी, शहर नवं: क्यूजीआयएसवर मराठवाड्यातल्या शहरांच्या लोकसंख्येचा अंदाज कसा बांधायचा

आधी एक छोटं गणित करू. छत्रपती संभाजीनगर शहराची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेची, जनगणनेतली लोकसंख्या अशी: १९९१ मध्ये ५,७३,२७२, २००१ मध्ये ८,७३,३११ आणि २०११ मध्ये ११,७५,११६. पहिल्या दशकात ३,००,०३९ माणसं वाढली, दुसऱ्यात ३,०१,८०५. अंकगणिती पद्धतीने, म्हणजे दर दशकाला सरासरी इतकीच भर पडेल असं धरून, २०३१ चा आकडा येतो सुमारे १७.७७ लाख. भूमितीय पद्धतीने, म्हणजे दर दशकाला सरासरी तितक्याच पटीने शहर वाढेल असं धरलं, तर २४.०९ लाख.

दोन्ही पद्धती पाणीपुरवठ्याच्या सरकारी नियमपुस्तिकेत आहेत आणि दोन्ही गणितं बरोबर आहेत. तरी फरक ६.३ लाखांचा, म्हणजे जवळपास आजच्या नांदेडएवढं एक शहर. दरडोई १३५ लिटरच्या हिशेबाने रोजचं साडेआठ कोटी लिटर पाणी. ज्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येईल यावर पाहुण्यांच्या तारखा ठरतात, तिथे हा फरक कागदावर सोडून चालत नाही.

नकाशाचं सॉफ्टवेअर नेमकं इथे कामाला येतं. एक्सेल ‘किती’ सांगतं. ‘कुठे’ हे नकाशा सांगतो, आणि ‘कुठे’ पाहायला लागलं की ‘किती’मधल्या चुका आपोआप वर येतात. मी हे काम करायला लागलो तेव्हा वाटायचं की खरी हुशारी भाकिताच्या सूत्रात आहे. आता वेळेचा हिशेब मांडला तर दहातले सात दिवस हद्दी जुळवण्यात जातात, दोन जमिनीवर फिरण्यात आणि एक सूत्रात.

पायरी पहिली: प्रश्न ठरवा

‘शहर किती वाढेल?’ हा प्रश्न नाही. ‘२०४१ मध्ये पैठण रोडच्या दोन्ही बाजूंच्या गावांत किती माणसं राहतील, म्हणजे जलवाहिनी किती व्यासाची टाकावी?’ हा प्रश्न आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली होणारी विकास योजना साधारण वीस वर्षांचं पाहते, पाण्याची योजना तीस वर्षांचं, आणि शाळेच्या खोल्यांना पाच-सात वर्षं पुरतात. क्षेत्र, साल आणि वापर या तीन गोष्टी एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. काम फाटे फोडायला लागलं की त्या ओळीकडे पाहायचं.

क्षेत्र आखताना महापालिकेची हद्द धरू नका. संभाजीनगरचं उदाहरण घ्या. बजाजनगर ही मोठी कामगार वस्ती वडगाव कोल्हाटी या ग्रामपंचायतीत वाढली. वाळूज, त्याच्याजवळचं पंढरपूर (विठोबाचं नव्हे), इकडे शेंद्रा, तिकडे बिडकीन, सगळं पालिकेबाहेर. हद्दीत राहून अंदाज बांधला तर शहराचा जो भाग जोरात वाढतोय तोच गणितातून निसटतो. म्हणून महापालिका, तिला लागून असलेली गावं आणि त्यांच्याही पुढचं एक कडं एवढं क्षेत्र घ्या.

पायरी दुसरी: सामान गोळा करा

सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएस घ्या. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, मराठी अक्षरं नीट दाखवतं. उतरवताना दीर्घकाळ टिकणारी स्थिर आवृत्ती घ्या. सगळ्यात नवी आवृत्ती घेतली की एखादं प्लगइन, म्हणजे वरून जोडून घ्यायचा छोटा प्रोग्रॅम, रुसतंच.

माहिती पाच प्रकारची लागते. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यातली गाववार आणि वॉर्डवार लोकसंख्या, निदान २००१ आणि २०११ ची. गावांच्या आणि वॉर्डांच्या हद्दींचे थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवता येणाऱ्या माहितीच्या फायली. उपग्रहचित्रं: जुन्या सालांसाठी लँडसॅट, अलीकडच्यासाठी सेंटिनेल-२. रस्ते आणि औद्योगिक वसाहतींसाठी ओपनस्ट्रीटमॅप. उतारासाठी एसआरटीएमचा ३० मीटरचा उंचीचा थर. इस्रोच्या ‘भुवन’वर जमीनवापराचे नकाशे नुसते पाहून घ्यायलाही उपयोगी पडतात.

युरोपीय आयोगाचा जीएचएसएल हा तयार थरही आहे. १९७५ पासून दर पाच वर्षांचं बांधकाम आणि लोकसंख्या, १०० मीटरच्या चौकटीत. मोह होतो की हेच घ्यावं आणि मोकळं व्हावं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यातले २०२५ आणि २०३० हे थर मोजलेले नाहीत, तेही अंदाजच आहेत. आणि त्यातली लोकसंख्या जनगणनेचे आकडे बांधकामावर पसरून काढलेली आहे. त्या थरावरून ‘बांधकाम आणि लोकसंख्या यांचं घट्ट नातं आहे’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे आपणच पेरलेलं उगवलं म्हणून आश्चर्य करणं. पहिली नजर टाकायला मात्र हा थर उत्तम.

लँडसॅटबद्दल एक सूचना. २००३ च्या मे महिन्यानंतर लँडसॅट-७ च्या चित्रांत तिरके काळे पट्टे येतात, कारण त्यातलं एक यंत्र बिघडलं. २००३ ते २०११ या काळासाठी लँडसॅट-५ घ्या, २०१३ नंतर लँडसॅट-८.

पायरी तिसरी: हद्दी आणि कोड जुळवा

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

पहिलं काम प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कुठल्या रीतीने मांडायची ते ठरवण्याचं. अंश-मिनिटांतल्या थरावर क्षेत्रफळ आणि अंतर मोजायला जाऊ नका. सगळे थर यूटीएम विभाग ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये ‘रिप्रोजेक्ट’ करून घ्या. जवळपास सगळा मराठवाडा या विभागात बसतो. नांदेड जिल्ह्याचं पूर्व टोक मात्र ७८ रेखांशाच्या पलीकडे जातं. किनवट विभाग ४४ मध्ये पडतं. पूर्ण जिल्ह्याचं काम असेल तर सगळं ४३ मध्येच ठेवा, टोकाला येणारी चूक आपल्या कामाला चालण्याइतकी असते. दोन विभागांत थर विभागून ठेवले तर मात्र कपाळावर हात मारायची वेळ येते.

दुसरं, जोडणी नावावरून करू नका. जनगणनेच्या फायलींत औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहे. नव्या थरांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. बीडचं रोमन स्पेलिंग दोन तऱ्हेनं सापडतं. शिवाय औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे आणि देशभराच्या फायलीतून काम करणाऱ्याला तो हमखास चकवतो. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव तर प्रत्येक तालुक्यात दोन-चार. म्हणून कोड वापरा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७. जिल्ह्यांचे नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, औरंगाबाद ५१५, बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. गावांना स्वतंत्र सहा अंकी कोड आहेत.

कोड असूनही जोडणी रिकामी आली तर बहुतेक वेळा एका फायलीत कोड अंक म्हणून आलेला असतो आणि दुसरीत मजकूर म्हणून. वॉर्डांच्या कोडात सुरुवातीची शून्यं असतात, ती एक्सेल न विचारता खाऊन टाकतं. सीएसव्ही क्यूजीआयएसमध्ये घेताना सगळे रकाने मजकूर म्हणून घ्या आणि लोकसंख्येचा रकाना नंतर अंकात बदला. मग ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय फील्ड व्हॅल्यू’. न जुळलेल्या गावांची यादी काढा आणि एकेक गाव हाताने बघा. कंटाळवाणं आहे, पण शहराच्या कडेची चार गावं सुटली तर गेलं काम.

तिसरं, हद्द कधी बदलली ते शोधा. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ साली झाली. १९९१ चं नांदेड आणि २००१ चं नांदेड-वाघाळा शेजारी ठेवून ‘काय झपाटा!’ म्हणणारे तक्ते मी पाहिलेत. त्या झपाट्यातला काही भाग माणसांचा आहे, काही भाग अधिसूचनेचा. संभाजीनगरचा सातारा-देवळाई भाग २०११ नंतर पालिकेत आला. त्यामुळे वरच्या ११,७५,११६ मध्ये तो नाही. उपाय एकच: आजची हद्द घ्या, ती मागच्या सगळ्या जनगणनांवर ठेवा आणि आज आत असलेली गावं त्या-त्या सालात बेरजेत धरा. हद्द स्थिर आणि साल बदलतं, असा तक्ता झाल्याशिवाय वाढीचा दर काढूच नका.

लातूर आणि धाराशिवकडे काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली. नव्या जागेवर रुंद रस्ते, मोठे प्लॉट, सुटी घरं. १९९० आणि २००० ची चित्रं ताडून पाहिली तर संगणकाला औसा-उमरगा पट्ट्यात बांधकामाचा स्फोट दिसतो. माणसं तीच, किंबहुना कमीच. ही गावं वेगळी काढून ठेवा, नाहीतर सातव्या पायरीत वाढीची जागा सांगणारं संगणकी प्रारूप शिकतं की शेताच्या मधोमध अचानक शहर उगवतं.

पायरी चौथी: मोजलेली माणसं कोण, ते बघा

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या घराला तेव्हा कुलूप असतं. आपल्या जनगणनेत त्या संपूर्ण काळात बाहेर असलेला माणूस गावी धरला जात नाही, जिथे आहे तिथे मोजला जातो. म्हणजे कोपीवर, ऊसतोडीच्या जागी उभारलेल्या तात्पुरत्या झोपडीत. त्यामुळे धारूर, वडवणीकडच्या काही गावांचा वाढीचा दर दिसतो त्यापेक्षा वेगळा असू शकतो, आणि कारखान्यालगतच्या गावांचा फुगलेला.

लातूरमध्ये उलटं. अकरावी-बारावी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला आलेली पोरं खोल्या आणि वसतिगृहांत राहतात. पाणी वापरतात, रस्ते वापरतात, पण शहराच्या वाढीच्या सूत्रात त्यांना धरलं तर ती लग्न करून इथेच कुटुंब वाढवतील असं गृहीत धरल्यासारखं होतं. ती दोन वर्षांनी जातात आणि नवी येतात. त्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि पाण्याच्या हिशेबात शेवटी मिळवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहराला हा रकाना महत्त्वाचा आहे.

पायरी पाचवी: एकूण आकडा, आणि तोही पट्टा म्हणून

आता सूत्रं. अंकगणिती, भूमितीय आणि वाढीव भर (दर दशकाची भरसुद्धा किती बदलते ते धरणारी) या तिन्ही पद्धतींनी २०३१ आणि २०४१ काढा, पण स्थिर हद्दीच्या तक्त्यावर. मग प्रमाण पद्धत: जिल्ह्याच्या लोकसंख्येत शहराचा वाटा किती. औरंगाबाद जिल्हा २००१ मध्ये २८,९७,०१३ आणि २०११ मध्ये ३७,०१,२८२ होता. म्हणजे शहराचा वाटा ३०.१ टक्क्यांवरून ३१.७ वर गेला. शहर जिल्ह्यापेक्षा थोडंच वेगाने वाढलं, फार नाही. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०३६ पर्यंतचे राज्यवार अंदाज दिलेत, त्यात शहरी लोकसंख्याही आहे. राज्यातून जिल्हा, जिल्ह्यातून शहर असा वरून खाली उतरणारा आकडा आणि सूत्रातून आलेला आकडा शेजारी ठेवा.

माझं मत सांगायचं तर संभाजीनगरसाठी मी २४ लाखांचा भूमितीय आकडा बाजूला ठेवीन. दर ५२ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलेला असताना सरासरी दर पुढे दामटायला कारण लागतं. तसंच उतरत्या दराची पद्धतही सरळ लावू नका. ५२ वरून ३५, म्हणजे पुढे १७, मग शून्य! दोन दशकांच्या उतरणीवरून असं शहर थांबत नाही. आणि पालिकेच्या आकड्यात वाळूजकडची वाढ नाहीच, हे विसरू नका. शेवटी खालचा, मधला आणि वरचा असे तीन आकडे घ्या आणि प्रत्येकाशेजारी एका वाक्यात कारण लिहा. कारण सुचत नसेल तर आकडा काढून टाका.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून मधल्या काळासाठी दुय्यम खुणा वापरा: महावितरणच्या घरगुती जोडण्या, मालमत्ता कराची खाती, शाळांची पटसंख्या, मतदारांची संख्या. एकट्या कशावर विश्वास नको. बंद फ्लॅटलाही मीटर असतं, आणि मतदारयादीत गावाकडचा माणूस गावाकडेच राहतो. चारही खुणा एका दिशेने बोलत असतील तर आकडा हलवा.

पायरी सहावी: बांधकाम कुठे आहे ते उपग्रहचित्रावरून काढा

मराठवाड्यात ही पायरी पाठ्यपुस्तकाप्रमाणे केली की फसते. एप्रिल-मेचं चित्र ढगमुक्त असतं म्हणून सगळे तेच घेतात. पण तेव्हा नांगरून टाकलेली काळी जमीन, मुरमाड माळ आणि सिमेंटचं छत संगणकाला एकाच कुळातली वाटतात. माझ्या पहिल्या नकाशात फुलंब्री तालुक्याचा अर्धा माळ ‘शहर’ झाला होता.

सोपी युक्ती आहे. एकाच वर्षातली तीन-चार चित्रं घ्या: सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी. प्रत्येकाचा हिरवेपणाचा निर्देशांक ‘रास्टर कॅल्क्युलेटर’मध्ये काढा. सेंटिनेल-२ मध्ये बँड ८ वजा बँड ४, भागिले त्यांची बेरीज. मग प्रत्येक चौकटीचं वर्षातलं सर्वांत मोठं मूल्य ठेवा. शेत वर्षातून एकदा तरी हिरवं होतं. माळावरही पावसाळ्यानंतर कुसळ उगवतं. घर कधीच हिरवं होत नाही. वर्षभर कोरडंच राहिलेलं ते बांधकाम. सीमारेषेचं मूल्य किती धरायचं ते पुस्तकातून घेऊ नका. तुम्हाला पाठ असलेल्या पन्नास-साठ जागा, निम्म्या वस्तीतल्या आणि निम्म्या शेतातल्या, टिचकी मारून तपासा आणि ठरवा.

यातून तरी तीन चोर सुटतात. दगडखाणी, प्लास्टिक अंथरलेली शेततळी आणि नाथसागराचा उघडा पडलेला तळ. दुष्काळाच्या वर्षी जायकवाडीचं पाणी मैलभर मागे हटतं आणि ती जमीन चित्रात वेगळीच दिसते. पाण्याचा थर घेताना त्या वर्षीचं पाणी न घेता आजवरचा कमाल विस्तार घ्या आणि तो कायमचा झाका. खाणी आणि शेततळी हाताने झाका.

सेंटिनेलची १० मीटरची एक चौकट १०० चौरस मीटरची, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. हे बैठकीत सांगायला फार सोयीचं पडतं. ‘इतक्या चौकटी’ म्हटलं की लोक जांभया देतात, ‘इतके गुंठे’ म्हटलं की मागचा माणूसही पुढे सरकतो.

आता या बांधकामावर माणसं बसवायची. आधी औद्योगिक क्षेत्रं वगळा, नाहीतर वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजारो कुटुंबं राहायला जातात. मग ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने प्रत्येक गावातलं, वॉर्डातलं राहण्याचं बांधकाम मोजा. लोकसंख्या भागिले हे क्षेत्र म्हणजे त्या भागाची खरी घनता. जुन्या शहरातली गल्ली, सिडकोची वसाहत आणि बायपासलगतचं प्लॉटिंग यांतली तफावत पहिल्यांदा आकड्यात दिसते. पुढच्या सगळ्या गणिताचा पाया हाच. लोकसंख्या २०११ ची आणि बांधकाम आजचं असा भागाकार करू नका. २०११ च्या लोकसंख्येला २०११ चं चित्र, म्हणजे लँडसॅट-५.

पायरी सातवी: वाढ कुठे जाईल

क्यूजीआयएसमध्ये मोलुस्के नावाचं प्लगइन आहे. तुमच्या आवृत्तीत चालतं का ते आधी बघा. त्याला दोन सालांचे बांधकाम-नकाशे आणि काही कारक-थर, म्हणजे वाढीला ओढणाऱ्या किंवा अडवणाऱ्या गोष्टींचे थर, दिले की शेत कुठे शहर झालं आणि का, याचा नमुना ते शिकतं.

इथे सगळी सालं लँडसॅटचीच घ्या: २००५, २०१५, २०२५. जुनं ३० मीटरचं आणि नवं १० मीटरचं असं मिसळलं तर नुसतं चित्र बारीक झाल्यानेही वाढ दिसते. अंतर समान ठेवा, दहा-दहा वर्षांचं.

कारक-थर पाच पुरे: मुख्य रस्त्यापासूनचं अंतर, औद्योगिक वसाहतीपासूनचं अंतर, आधीच्या वस्तीपासूनचं अंतर, उतार आणि जलवाहिनीच्या मुख्य मार्गापासूनचं अंतर. रस्ते आधी रास्टर करा, म्हणजे चौकटींच्या जाळीत बदला, मग ‘प्रॉक्सिमिटी’ चालवा. सगळ्या थरांची व्याप्ती, चौकट आणि प्रक्षेपण तंतोतंत सारखं हवं. एक ओळ जरी कमी-जास्त झाली तरी प्लगइन पुढे जाऊ देत नाही, आणि नवशिक्यांचा निम्मा दिवस इथेच जातो. एका नमुना-थरावर सगळे थर ‘अलाइन’ करून घ्या.

मग प्रतिबंधित जागा: नाथसागर, गोदावरीची पूररेषा, वन, छावणीची जमीन, विद्यापीठ परिसर, दौलताबाद आणि वेरूळसारखी संरक्षित स्मारकं. स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, असा २०१० पासूनचा कायदा आहे. ‘बफर’ने दोन कडी काढा.

आता परीक्षा. २००५ आणि २०१५ देऊन प्रारूपाला २०२५ काढायला सांगा आणि खऱ्या २०२५ शी ताडा. दोन नकाशे किती जुळतात याचा ‘कप्पा’ नावाचा गुण प्लगइन देतं. तो ०.८ आला म्हणून पेढे वाटू नका. जिल्ह्यातली बहुतेक जमीन शेत होती आणि शेतच राहिली. ते कुणीही ओळखेल. बदललेल्या चौकटींपैकी किती बरोबर सापडल्या एवढंच मोजा. हा आकडा लाजिरवाणा कमी येतो. तरी तोच अहवालात लिहा.

शिवाय किती जमीन बदलेल ते मोलुस्के मागच्या वेगावरून ठरवतं. ते मला मान्य नाही, कारण एकूण आकडा आपण पाचव्या पायरीत कारणं देऊन ठरवलाय. म्हणून मी त्याच्याकडून फक्त ‘ट्रान्झिशन पोटेन्शियल’ नकाशा घेतो, कुठल्या चौकटीला शहर होण्याची ओढ किती हे सांगणारा. समजा तीन लाख माणसांची सोय करायची आहे आणि नव्या भागाची घनता हेक्टरी १५० धरली, तर २,००० हेक्टर लागतील. ३० मीटरची चौकट ०.०९ हेक्टरची, म्हणजे सुमारे २२,२०० चौकटी. सर्वाधिक ओढीच्या चौकटीपासून खाली येत तेवढ्या भरा. घनता १०० धरली तर हेच क्षेत्र ३,००० हेक्टर होतं. म्हणजे घनतेचा एक आकडा बदलला की हजार हेक्टर शेत इकडचं तिकडे. तो आकडा तुमच्याच शहराच्या गेल्या दहा वर्षांतल्या वस्त्यांवरून घ्या, दुसऱ्या शहराच्या अहवालातून नको.

भरलेल्या चौकटींवर पुन्हा ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ चालवलं की गाववार नवे हेक्टर मिळतात, त्यांना घनतेने गुणलं की गाववार माणसं. आकडे शंभरात पूर्ण करा. २०४१ मध्ये एखाद्या गावात ७,३४६ माणसं असतील, असं छातीठोक छापणाऱ्या तक्त्याची मला भीती वाटते.

प्रारूपाला जे माहीत नाही ते हाताने घाला. समृद्धी महामार्गाचे इंटरचेंज २०१५ च्या नकाशात नव्हते, त्यामुळे त्यांची ओढ ते शिकलेलंच नाही. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक या नव्या औद्योगिक शहराची सुमारे १०,००० एकर जमीन. तिथे कारखाने आधी आणि घरं नंतर येतात, आणि घरं कुठे येतील हे पाणी व शाळा ठरवतात. जालन्याला २०२३ मध्ये महापालिका मिळाली, तिथल्या पोलाद कारखान्यांतला कामगार परप्रांतातून येतो. अशा प्रत्येक गोष्टीसाठी कारक-थर बदलून पुन्हा चालवा: एकदा जसं चाललंय तसं, एकदा बिडकीन जोरात, एकदा पाण्याने अडवलेलं शहर. तिन्ही नकाशांत जो भाग भरलेला दिसतो तिथली जलवाहिनी आधी टाका. जो एकाच नकाशात दिसतो तिथे निदान रस्त्याची जागा राखून ठेवा.

पायरी आठवी: मोटारसायकल काढा

सर्वाधिक वाढीच्या पंधरा-वीस चौकटी फोनमध्ये घ्या आणि प्रत्यक्ष जा. क्यूफील्ड हे ॲप क्यूजीआयएसचाच प्रकल्प फोनवर उघडतं. चित्रात वस्ती दिसते तिथे बरेचदा नुसतं प्लॉटिंग पडलेलं असतं: मुरमाचे रस्ते, चुन्याने रंगवलेले दगड, कमान आणि तिच्यावर कुठल्यातरी ‘नगरी’ची पाटी. घर एकही नाही. शेजारच्या गुंठेवारीत मात्र एका गुंठ्यात तीन मजले आणि चार बिऱ्हाडं. दोन्ही एकाच घनतेने मोजली असतील तर आता दुरुस्त करा.

जाताना तीन जणांना विचारा: किराणा दुकानदार, टँकरवाला, अंगणवाडी ताई. दुकानदाराला बिऱ्हाडं माहीत असतात, टँकरवाल्याला फेऱ्या, आणि ताईंकडे तर वहीच असते. एका गावात माझ्या गणितात बाराशे माणसं येत होती. ताई वही न उघडता म्हणाल्या, “साहेब, सहा वर्षांखालची लेकरंच माझ्याकडं चारशे हायेत.” मी परत येऊन त्या गावाची हद्द तपासली. नवी वस्ती शेजारच्या गावाच्या शिवारात मोजली जात होती.

पायरी नववी: नकाशा द्या आणि फायली जपा

छापील नकाशावर जनगणनेचं साल, चित्राची तारीख, धरलेली घनता आणि खालचा-मधला-वरचा पट्टा हे नकाशाच्याच अंगावर लिहा, शेवटच्या पानावर नको. शेवटचं पान झेरॉक्स होत नाही. गडद लाल रंग टाळा. लाल दिसला की लोक आरक्षण पडलं समजतात आणि संध्याकाळपर्यंत जमिनीचे भाव बदलतात. गट क्रमांकाच्या पातळीवर अंदाज दाखवू नका, गावावर थांबा. तेवढी अचूकता आपल्याकडे नाही आणि दलालाला मात्र तेवढीच हवी असते.

प्रकल्प एका फोल्डरमध्ये, सगळे थर जिओपॅकेज स्वरूपात, मूळ फायली न बदलता वेगळ्या. गावांचा जोडणी-तक्ता, म्हणजे जुना कोड, नवं नाव, कुठल्या साली कुठल्या हद्दीत गेलं, ही सगळ्यात मोलाची फाइल. तिची प्रत दोन ठिकाणी ठेवा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तो आकडा आला की पहिल्या दिवशी याच तक्त्याला नवा रकाना जोडायचा आणि आपला २०२७ चा अंदाज कुठल्या गावात किती चुकला ते बघायचं. त्यासाठी २०२७ चाही अंदाज आजच काढून, तारीख टाकून ठेवा.